साडेतीस इंच

४ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

वर 'नमस्कार' लिहू की नको, यात दहा मिनिटं गेली. लिहिला असता तर म्हणाली असतीस, मोठी रीतभात शिकून आली. म्हणून नुसतं ताई.

आधीची चार पत्रं परत आली नाहीत, म्हणजे तुला पोचली असणार. उत्तर आलं नाही, ते ठीक आहे. तुझा पत्ता मला कोणी दिला नाही. बटणांच्या डब्यात तळाशी घडी घातलेला कागद होता. आई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन घेऊन न्हाणीघरात जाते आणि नळ सोडते. नळ सुरू झाला की मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवते, म्हणजे बाबांना ऐकू जाणार नाही. बाबाही त्याच वेळी शिलाई मशीनला तेल घालायला बसतात. आम्ही तिघंही एकमेकांपासून काहीतरी लपवतो आणि तिघांनाही सगळं माहीत आहे.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. मी सायकल घेणार आहे. बाबांच्या काळ्या सायकलीसारखी नाही, रस्त्यावर लांब पळायची, वाकड्या हँडलची.

माझ्या नोकरीबद्दल मागच्या पत्रात लिहिलं होतं. गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून येतं, त्यात काय काय आहे ते मी तपासते. आमची प्रयोगशाळा कालव्याच्या रस्त्यावर आहे. सकाळी सातला कुलूप उघडते तेव्हा समोरून सहा-सात सायकलवाले जातात. आवाज फक्त साखळीचा, तोही इतका बारीक की रेशमी कापडातून कात्री चालावी. धुकं असलं की आधी आवाज येतो आणि मग माणसं दिसतात, आणि कधी कधी माणसं दिसतच नाहीत. परवा त्यांतली एक बाई आमच्या नळावर पाणी प्यायला थांबली. तिने सायकल दोन बोटांनी उचलून भिंतीला लावली. दोन बोटांनी, ताई! ती पाणी पीत होती तेव्हा मीही उचलून बघितली. मला वाटलं सायकलच्या आतली सायकल कोणीतरी काढून घेतली आहे.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. कालव्याचा रस्ता थेट तुझ्या गावाला जातो. चौसष्ट किलोमीटर. मी त्या रस्त्याने तुझ्याकडे येणार. बसने आले तर तू दारातूनच परत पाठवशील, बस काय, लगेच परतीची मिळते. पण चौसष्ट किलोमीटर पायडल मारून आलेल्या माणसाला तू पाणी तरी विचारशील, असा माझा अंदाज आहे. पाण्यावरून पुढे बोलणं निघालं तर निघालं. दोन वर्षं आठ महिने झाले.

आठवतं का, लहानपणी तू मला काळ्या सायकलवर कपड्यांच्या गाठोड्यावर बसवून न्यायचीस? सीट तुला उंच पडायची, म्हणून उभ्यानेच पायडल मारायचीस. 'कालव्याचे दोन फाटे होतात तिथवर तुला नेऊन दाखवीन,' म्हणायचीस. आपण तिसऱ्या पुलाच्या पुढे कधी गेलो नाही. गिऱ्हाईक वाट बघत असायचं.

तुझी धाकटी


२२ फेब्रुवारी, रविवार

ताई,

सायकल निवडणं म्हणजे दुकानात जायचं आणि आवडेल ती उचलायची, असं मला वाटत होतं. तीन रविवार गेले.

दुकान मोठ्या चौकाच्या मागच्या गल्लीत आहे. छतापासून सायकली टांगलेल्या, खाली ग्रीसचा वास, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एका स्टुलावर मिस्त्री. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. तरुणपणी शर्यती खेळायचे म्हणे, आता गुडघा वाकत नाही. बोलणं एकदम तिरकं.

मी सांगितलं, माझे दोन पगार साठलेत, त्यात सगळं बसायला हवं, आणि सायकल हलकी हवी.

"हलकी हवी?" माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले, "मग आधी ती पिशवी खाली ठेवा. काय आहे तिच्यात, विटा?"

पुस्तकं होती. सायकलींवरचीच, वाचनालयातून आणलेली. मी त्यांना गिअरांच्या दात्यांचा हिशोब दाखवू लागले तर म्हणाले, "बाई, परीक्षा तुमची झालीये ना पास? मग आता सायकल बघा."

पहिली दाखवली ती लालभडक, चकचकीत. मला तीच हवी होती, खोटं कशाला बोलू. मिस्त्रींनी चाक फिरवून हातात दिलं. जड. म्हणाले, सगळा पैसा रंगात गेलाय, महिन्याभरात चाकं डुलायला लागतील. दुसरी कार्बनची, कोणीतरी वापरून विकलेली. हिचं वजन बघून माझे डोळे फिरले. त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि सांगाड्यावर वाजवत गेले. टक, टक, टक, आणि पायडलच्या वरच्या कोपऱ्यात आवाज एकदम बसका झाला. "ऐकलंत? आतून तडा असेल किंवा नसेलही. असला तर उतारावर कळेल." आणि ती परत टांगून टाकली. स्वतःचाच माल, ताई. बाबाही असेच, आपणच आणलेलं कापड उन्हात धरून 'हे विरेल' म्हणणारे.

तिसरी राखाडी-निळी, पहाटेच्या कालव्यासारखी. ॲल्युमिनियमचा सांगाडा, पुढचं चाक धरणारा चिमटा तेवढा कार्बनचा, म्हणजे खडबडीत रस्त्याने हातांना मुंग्या येत नाहीत. गिअर महागड्या सायकलींपेक्षा दोन कमी. मी म्हटलं, दोन कमी का? तर म्हणाले, "दोन पगारांत घोडा येत नाही. पण चांगलं शिंगरू येतं. गिअर पुढे बदलता येतील, चाकं बदलता येतील, सीट तर नक्कीच बदलाल. सांगाडा बदलता येत नाही. तो मापाचा हवा. मापाचा नसेल तर सोन्याचा असला तरी पाठ मोडेल."

हे ऐकल्यावर मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. कटिंग चुकलं तर शिलाई काय करणार, हे तूच म्हणायचीस ना?

शिवाय हेल्मेट, पंप, एक जादा ट्यूब आणि पाण्याची बाटली यांसाठी पैसे बाजूला ठेवायला सांगितले. नवीन माणसं सगळं सायकलीत घालतात आणि पंक्चर झाली की रस्त्यात रडत बसतात म्हणे. मी ठेवलेत.

रोज पहाटे काळ्या सायकलवर सराव करते. तिसऱ्या पुलापर्यंत जाऊन येते. तुझी बरोबरी अजून नाही. तू तर गाठोडं आणि मला धरून जायचीस.

धाकटी


८ मार्च, रविवार

ताई,

मागणी नोंदवली! पंधरा-वीस दिवसांत येईल.

एक गंमत झाली. माझ्या आवडत्या सायकलीचा एकच नमुना दुकानात होता, तोही भिंतीवर उंच टांगलेला, ताडमाड माणसाच्या मापाचा. म्हणून बाहेरून मागवायची ठरली. मिस्त्री म्हणाले, "भिंतीला टेकून उभ्या राहा, दोन पायांत पुस्तक धरा, मी मोजतो. पायाची आतली लांबी कळली की सांगाड्याचं माप निघतं." दुकानात चार पुरुष चहा पीत उभे. माझे कान तापले. मी म्हटलं, "मी शिंप्याची मुलगी आहे. माझं माप वहीत आहे."

"मग बोलणंच खुंटलं," मिस्त्री म्हणाले. "आणा उतरवून."

घरी येऊन बाबांची मापांची वही काढली. तीच जाड पुठ्ठ्याची, रबर लावलेली. शाळेचे सगळे मास्तर तिच्यात आहेत, त्यांची पोटं वर्षावर्षाला वाढत गेलेली. 'घर' असं लिहिलेलं पान अगदी शेवटी आहे. एकच माप होतं, बाबांच्या शाईच्या अक्षरात. खांदा, कंबर, हात, आतली लांबी साडेतीस. चिठ्ठीवर उतरवून दुसऱ्या दिवशी देऊन आले. मिस्त्रींनी चिठ्ठी बघितली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शिंप्याच्या वहीपुढे कोण काय बोलणार?

तुझी कात्री अजून खिळ्यावर आहे. डाव्या हाताने चालवायची ती कात्री घरात कोणालाच चालवता येत नाही. पण तिला गंज नाही. मी लावत नाही तेल, आईही लावत नाही.

स्वप्नात मी त्या रस्त्यावर असते. दोन्ही बाजूंनी पाणी असतं आणि सायकलला वजनच नसतं. आवाज फक्त कात्रीचा.

धाकटी


२८ मार्च, शनिवार

ताई,

सायकल काल आली. आणि ती माझी नाही.

नीट सांगते. मिस्त्रींचा टेम्पो आपल्या दुकानापुढे थांबला. आई उंबऱ्यात आली, बाबा मशीनवरून उठले नाहीत, पण पायही थांबले होते त्यांचे. टेम्पोवाल्याने ती अलगद खाली ठेवली. काय दिसत होती, ताई! मी पाय टाकून मधे उभी राहिले. मधला दांडा इतका वर आला की मला चवड्यांवर उभं राहावं लागलं, आणि सायकल मला घेऊनच भिंतीवर कलली. हँडल तर हात पूर्ण ताणले तेव्हा मिळालं. मी म्हटलं, अशाच असतात या, वाकावंच लागतं, सवय होईल.

बाबा उठले. गळ्यातली टेप काढली, माझ्यापुढे खाली बसले आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"अठ्ठावीस," ते म्हणाले.

"वहीत साडेतीस आहे."

"ते मोठीचं आहे."

दोन वर्षं आणि नऊ महिन्यांनी त्यांनी तुझं नाव काढलं. नाव नाहीच, पण तू. आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी वही आणली आणि ते पान उलटून दाखवलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने, पुसट, तारखांसकट: धाकटीला अडीच इंच आत. धाकटीला दोन इंच आत. धाकटीला खालून दुमड. माझं माप म्हणून कधी कोणी घेतलंच नव्हतं. माझा प्रत्येक कपडा तुझाच होता, उसवून आत घेतलेला. मी पान उलटलंच नाही. एकच माप दिसलं, आणि ते माझंच असणार असं धरून चालले.

बाबांनी सीटवर हात ठेवला. दाबून बघितली, जसं कापड बघतात. "तिला बरोबर बसेल," म्हणाले आणि आत गेले.

मी मिस्त्रींना फोन केला. ते आधी खूप वेळ हसले. "म्हटलं होतं मनात, या पोरीचे पाय हिच्या आई-बापांनी वहीतच ठेवलेत की काय." मग म्हणाले, पुढच्या शनिवारच्या आत परत आणा, टायरला रस्त्याची धूळ लागलेली नसेल तर अठ्ठेचाळीस सेंटीमीटर सांगाड्याची बदलून देतो. वर एक पैसा नको.

म्हणून सध्या ती माझ्या खोलीत आहे, खाली जुनी चादर अंथरून. धूळ लागू नये म्हणून.

धाकटी


३ एप्रिल, शुक्रवार

ताई,

उद्या शनिवार.

सात रात्री मी तिच्या शेजारी जमिनीवर झोपले आहे. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा येतो आणि चाकांच्या तारांची सावली भिंतीवर पडते, अख्ख्या खोलीवर जाळं टाकल्यासारखी. झोप लागता लागता त्या सीटवर कोणीतरी बसलेलं दिसतं. पाठ दिसते फक्त. आणि ती पाठ उभी राहून पायडल मारत असते, सीट असूनसुद्धा. मी ओळखते ती पाठ. लहानपणी मी सगळा रस्ता तीच बघत आले.

आजवरच्या कुठल्याच पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. ही आठवी की नववी वेळ आहे कागद घ्यायची. आता लिहिते.

त्या दिवशी माझ्या पदवीचा कार्यक्रम आपल्याच दुकानात होता. मशीनं भिंतीला सरकवली होती. माझ्या अंगात तू शिवलेला निळा ड्रेस होता, तुझ्याच जुन्या ड्रेसचा केलेला, पण कोणाला कळलंही नसतं. बाबांचे गिऱ्हाईक, गल्लीतले सगळे. मला बोलायला सांगितलं. मी कागदावर लिहूनच आणलं होतं. मी म्हटलं, "आमच्या घरात माझ्याआधी कोणीच काही शिकलेलं नाही. सगळा अंधार होता. या घरात पहिला दिवा मी लावला."

टाळ्या पडल्या. तू सरबताचे ग्लास घेऊन मागे उभी होतीस. ट्रे टेबलावर ठेवलास आणि आत गेलीस. मला वाटलं, ग्लास कमी पडले.

ताई, मला अपूर्णांक कोणी शिकवले? शाळेत येत नव्हते म्हणून मी रडत होते आणि तू टेप माझ्या हातात दिलीस. हा एक इंच, यात आठ सूत. आता पाऊण म्हणजे किती सूत, सांग. सहा. आज प्रयोगशाळेत नळीवर खुणा वाचते तेव्हा मनात तीच टेप असते. माझ्या फॉर्मवर बाबांच्या सहीशेजारी नाव तू लिहिलं होतंस, कारण बाबांचं अक्षर लहान जागेत बसत नाही. आणि परीक्षेच्या वर्षी दुसऱ्या मशीनवर मी बसावं, म्हणजे तुला कटिंगच्या मोठ्या वर्गाला सहा महिने जाता येईल, असं तू विचारलं होतंस. मी 'अभ्यास आहे' म्हटलं. तू पुन्हा विचारलं नाहीस.

ते वाक्य मी मनापासून म्हटलं होतं, हेच वाईट आहे. कोणाला दुखवायला म्हटलं असतं तर मागे घेता आलं असतं. मला खरंच तसं दिसत होतं. पान उलटलं नव्हतं.

तू नऊ दिवसांनी गेलीस. त्या नऊ दिवसांत हातातले सगळे कपडे पुरे केलेस. एकही बाही अर्धी ठेवली नाहीस. बाबा म्हणाले होते, ती रागावलेली नाही, रागावलेलं माणूस बटणं लावत बसत नाही. मी त्यांचं ऐकून निर्धास्त राहिले. ते चुकले होते की माझी समजूत घालत होते, कोण जाणे.

उद्या मी सायकल परत नेणार नाही. मला ती हवी आहे. इतकी हवी आहे की काल आंघोळ करताना रडू आलं, नळ सोडून. पण आजवर तुझं सगळं आत घेऊन घेऊन मी घातलं. हा सांगाडा आत घेता येत नाही. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "पुस्तकं वाचून माणूस शहाणा होतो म्हणतात. तुमची कोणती पुस्तकं?" पण सीट सगळ्यात खाली कशी करायची ते फोनवर सांगितलं. आणि म्हणाले, पाय टेकणार नाहीत, थांबायचं तिथे उंच दगड बघा.

परवा पहाटे निघते. हे पत्र मी टाकत नाही. सोबत आणते.

धाकटी


५ एप्रिल, रविवार. परतीच्या बसमध्ये

ताई,

परवाच्या पत्राला हे जोडलेलं नाही, हे वेगळं टाकेन. अक्षर हलतंय ते बसमुळे.

पाचला निघाले. आईने डबा दिला, बाबांनी काही दिलं नाही, पण टायरची हवा अंगठ्याने दाबून बघितली. दुकानाच्या पायरीवरूनच चढले. एकदा चढलं की उतरायचं कुठे हा प्रश्न. मला किलोमीटरच्या दगडाशीच थांबता येत होतं, त्याच्यावर एक पाय टेकून. म्हणजे हजार मीटर जायचं, तेव्हा एक पाय ठेवण्यापुरती जमीन. त्यातही निम्मे दगड गवतात. एका म्हशीवाल्याने विचारलं, काय मोजताय का? मी म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार.

पण मधे जे होतं ते कसं लिहू? उजाडायच्या आधी पाणी आणि रस्ता एकाच रंगाचे होते, आणि सायकलही त्याच रंगाची. खाली बघितलं तर आपण कशावर आहोत ते कळत नव्हतं. बगळे न उडता बघत राहायचे. तिसरा पूल कधी गेला समजलंच नाही. मी ओरडले सुद्धा, "ताई, तिसरा पूल!" पाठ, खांदे, मान सगळं दुखत होतं, हात ताणून ताणून. आणि तरी वाटत होतं की कोणीतरी पुढे बसलंय आणि मी गाठोड्यावर आहे.

बत्तिसाव्या किलोमीटरला कालव्याचे दोन फाटे होतात. तिथला दगड नेमका कोणीतरी उपटून नेलाय. उतरता आलं नाही. कालव्याच्या दाराचं एक मोठं लोखंडी चाक दिसलं आणि पाण्याचा आवाज आला आणि गेला. तुझ्या-माझ्या सगळ्या लहानपणात जिथे पोचायचं होतं, ती जागा मी न थांबता पार केली.

साडेदहाला तुझी इमारत सापडली. जिन्याच्या कठड्याला सायकल लावली. वर गेले. दाराआडून मशीन चालू होतं. तीन लांब धावा, मग थांबा, मग एक छोटी. ते तूच. जगात कोणी असं शिवत नाही. मी हात उचलला आणि तो दाराला लागेना. चौसष्ट किलोमीटर आले आणि शेवटची चार बोटं जमली नाहीत. पायरीवर बसले. मग पत्र सायकलच्या हँडलला दोऱ्याने बांधलं आणि बस धरली.

बस वेळ झाली की निघते, तसं माणसालाही जमलं असतं तर बरं झालं असतं.

धाकटी


११ एप्रिल

धाकटे,

अक्षराला हसू नकोस. लिहायची सवय गेली.

दार वाजवायला हात नव्हते का? आई पहाटेच फोन करून बसली होती, निघाली ग, निघाली, सायकल केवढी मोठी आहे, पडली तर काय. मी सकाळपासून खिडकीत. तू सायकल लावलीस, वर आलीस, सगळं बघितलं. मशीनवर नुसता जुना तुकडा घातला होता, त्याच्यावर शिवत बसले, तुला आवाज जावा म्हणून. अर्धा तास तू पायरीवर बसलीस. तूही उठली नाहीस, मीही उठले नाही. दोघी बापावर गेलो.

पत्र वाचलं. भाषण पुन्हा लिहायची गरज नव्हती, मला पाठ आहे. पण तू लिहिलंस ते बरं झालं. मला वाटायचं तुला ते आठवतच नसेल. ते मला जास्त लागायचं. राग गेला असं लिहीत नाही. गेला की सांगेन.

सायकल बरोबर बसते. सीट वर घेतली, तू पार तळाला घातली होतीस. रोज कामावर नेते. बायका हसतात, मग मागतात. उभ्याने मारून बघितली, त्या सायकलला उभं राहायची गरज पडत नाही. तरी राहिले.

ठेवून घेतेय. फुकट नाही. तुझ्यासाठी पँट कापलीय. नवीन कापड आहे, कोणाची उसवलेली नाही. आतली लांबी अठ्ठावीस लिहिली आहेस, पण बाबांनी बूट घालून मोजलं का अनवाणी? विचारून कळव. त्यांनाच विचार. माझ्या कात्रीला तेल कमी घाला म्हणावं, कापडाला डाग पडतात.

पुढच्या रविवारी बत्तिसाव्या किलोमीटरला ये, फाटे होतात तिथे. मी अर्धी येते, तू अर्धी ये. पँट तिथेच देते. बाबांची काळी घेऊन ये. दगड नसला तरी चालेल, तिच्यावरून तुझे पाय टेकतात.

ताई